शिकणे कामाच्या वेळेतच व्हावे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सोलापुरातील यंत्रमाग व टॉवेल कारखानदारांसाठी हिशेबाची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या लहान कंपन्यांत नवे तंत्रज्ञान शिकणे ही ज्याची त्याची खासगी बाब मानली जाते. दिवसभराचे काम उरकून घरी गेल्यावर मुलांनी व्हिडिओ पाहून शिकावे, ही अपेक्षा मला अन्यायाची तर वाटतेच, शिवाय ती कंपनीच्याही तोट्याची आहे.

१ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवरील उलाढालीच्या व्यापाऱ्यांना ई-इनव्हॉइस सक्तीचे झाले, तेव्हा बिलाची माहिती जेसन (संगणकांना आपसात वाचता येणाऱ्या मजकुराच्या) स्वरूपात शासकीय पोर्टलकडे पाठवून आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) मिळवण्याचे काम बहुतेक ठिकाणी एखाद्याच हुशार मुलाने शिकून घेतले. कराची रक्कम प्रत्येक मालावर पूर्णांकात आणायची की एकूण बिलावर, हे ठरवणारी प्रोग्रामची (कोडची) ओळ त्याने लिहिली. पण तसे का केले, हे कुठेच नोंदवले नाही. असा मुलगा हिंजवडीला निघून गेला की मागे राहिलेले त्या ओळीला हात लावायला धजत नाहीत.

यावरचे उपाय खर्चाचे नाहीत. कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे गिट हे साधन २००५ पासून मोफत उपलब्ध आहे, मात्र त्यातील नोंदीत ‘बग फिक्स’ एवढेच न लिहिता बदलाचे कारण दोन वाक्यांत लिहिण्याचा आग्रह वरिष्ठांनी धरला पाहिजे. कोड रिव्ह्यू (एकाचा कोड दुसऱ्याने तपासणे) म्हणजे केवळ नवख्याच्या चुका काढणे नव्हे. वरिष्ठाचा कोडही नवख्याने वाचावा, समजले नाही तिथे विचारावे आणि त्या प्रश्नाला उत्तर मिळावे. नवी एपीआय (दोन सॉफ्टवेअरमधील देवाणघेवाणीचा दुवा) जोडताना दोघांनी एकाच संगणकावर बसावे. आता एआयकडून कोड लिहून घेणे सर्रास झाले आहे. तो चालतो, पण का चालतो हे घेणाऱ्यालाच सांगता येत नसेल, तर अशा वाचनाची गरज वाढतेच.

‘शिकवले की मुले पुण्याला जातात’ ही मालकांची तक्रार मी समजू शकतो. मुले पगारासाठी जातात आणि पुढेही जातील. परंतु एकाचे ज्ञान चौघांना मिळालेले असेल, तर त्याच्या जाण्याने कारखानदाराचे बिल अडणार नाही. म्हणून मालकांनी आठवड्यातून किमान दोन तास कामाच्या वेळेतूनच यासाठी राखून ठेवावेत, आणि शहरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचून त्यावर टिपण लिहिण्यालाही गुण द्यावेत, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक संगणक अभियंता, जुळे सोलापूर