क्रूझ सहल : धक्का कुठे, हे आधी विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की जळगाव, भुसावळ, धुळ्यात क्रूझ सहलींच्या जाहिराती सुरू होतात. जहाजावर जेवायला काय, करमणूक कोणती, हे त्यात सविस्तर असतं. जहाज बंदराला लागल्यावर खाली उतरून फिरायचं कसं, यावर मात्र एखादीच ओळ असते : ‘स्थलदर्शन उपलब्ध, शुल्क वेगळे’. हे शुल्क माणशी असतं आणि आपल्याकडे आठ-दहा जणांचं कुटुंब एकत्र निघतं, म्हणजे रक्कम लहान राहत नाही. आमचं मत असं की, धक्का गावाला लागून असेल तर जहाजाने आखलेली ही स्थलदर्शनाची सहल घेण्याची गरज नाही. धक्का लांब असेल किंवा छोट्या बोटीने किनाऱ्यावर जावं लागत असेल, तर पैसे वाचवायच्या नादी लागू नये.

आधी वेळेचा हिशेब. कार्यक्रमपत्रिकेत ‘सकाळी 8 ते सायंकाळी 5’ लिहिलेलं असलं तरी हाती नऊ तास येत नाहीत. जहाज धक्क्याला लागल्यावर बंदर अधिकाऱ्यांची परवानगी मिळेपर्यंत अर्धा-पाऊण तास जातो. परतीची वेळ, म्हणजे सगळ्यांनी जहाजावर असण्याची वेळ, सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते. स्वतः फिरणाऱ्याने त्याच्याही आधी एक तास बंदराच्या फाटकावर पोचावं. उरतात सहा-सात तास, आणि बेत आखायचा तो तेवढ्याच वेळाचा. जहाजाच्या सहलीची बस अडकली तर जहाज तिच्यासाठी थांबतं किंवा प्रवाशांना पुढे पोचवायची जबाबदारी घेतं. तुमची रिक्षा अडकली तर थांबत नाही.

स्वतः फिरायला सगळ्यात सोपं बंदर म्हणजे मलेशियातलं पेनांग. सिंगापूरहून निघणाऱ्या बऱ्याच जहाजांचा तिथे थांबा असतो. जहाज स्वेटनहॅम धक्क्याला लागतं आणि फाटकाबाहेर पाऊल टाकलं की आपण जॉर्जटाउनमध्येच असतो. 2008 पासून हे गाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. व्हिक्टोरिया राणीचा घड्याळमनोरा समोरच दिसतो, फोर्ट कॉर्नवॉलिस पाच-सात मिनिटांवर आणि तिथून पुढे चालत दहा-पंधरा मिनिटांत लिटल इंडिया ही भारतीय वस्ती. 1833 चं महामारिअम्मन मंदिर, कपितान केलिंग मशीद, खू कोंग्सी हे चिनी कुलमंदिर, लाकडी खांबांवर पाण्यात उभी असलेली वस्ती, सगळं पायी होतं. शुद्ध शाकाहारी जेवण लिटल इंडियात मिळतं, त्यामुळे जैन-मारवाडी मंडळींनाही जेवणासाठी जहाज गाठायची गरज नाही. गावात फिरणारी मोफत बस आहे. ग्रॅब ॲपवर टॅक्सीचं भाडं आधीच कळतं आणि रोख देता येतं. पेनांग हिलचा मोह मात्र आवरावा. वर नेणाऱ्या रेल्वेला चढताना रांग लागते तशी उतरतानाही लागते, आणि उतरतानाची रांग किती लांब असेल ते खालून कळत नाही.

कोचीला जहाज विलिंग्डन बेटावर लागतं. समोर फोर्ट कोची दिसतं, पण मध्ये पाणी आहे, रस्ता तोप्पुंपडीच्या पुलावरून वळसा घालून जातो. अंतर दहा किलोमीटरच्या आतलं, रिक्षाने सहज जमतं. फाटकावरच ‘पूर्ण कोची दाखवतो’ म्हणत रिक्षावाले येतात. भाडं कमी सांगतात आणि मसाल्यांच्या, गालिच्यांच्या दुकानांत थांबवून कमिशन काढतात. अशा दोन-तीन दुकानांतच तास-दीड तास जातो. म्हणून बसण्याआधी तीन गोष्टी ठरवा : किती तास, किती रुपये, आणि दुकान एकही नाही. पैसे शेवटीच द्या. आधी मट्टनचेरी हा जुना भाग करा, फोर्ट कोची नंतर. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो. जवळचं 1568 चं ज्यू प्रार्थनास्थळ शनिवारी बंद असतं, इतर दिवशीही दुपारी एक ते तीन कुलूप असतं. खांदे-गुडघे झाकणारे कपडे लागतात. तिथून फोर्ट कोचीत सेंट फ्रान्सिस चर्च आणि किनाऱ्यावरची मासेमारीची चिनी जाळी. 1524 मध्ये वास्को द गामाला आधी याच चर्चमध्ये पुरलं होतं. 2023 पासून सुरू झालेल्या वॉटर मेट्रोत, म्हणजे बोटसेवेत, जरूर बसा, पण ते सकाळी. सुट्टीच्या दिवशी फोर्ट कोचीच्या जेट्टीवर इतकी रांग लागते की परतीला तिच्यावर विसंबू नये.

गोव्याचं गणित उलट आहे. ‘गोवा’ म्हणून जाहिरात असते, जहाज लागतं मुरगाव बंदरात. तिथून पणजी सुमारे 30 किलोमीटर, जुना गोवा जवळपास तितकाच, आणि ज्याच्यासाठी तरुण मंडळी उड्या मारतात ते कळंगुट-बागा त्याच्याही पुढे. ओला-उबर तिथे चालत नाही, स्थानिक टॅक्सीच घ्यावी लागते. चौघांनी मिळून दिवसभराची टॅक्सी केली तर जुना गोवा आणि पणजी होतं. त्यात समुद्रकिनारा कोंबू नका. निवांत जायचं असेल तर बोगमाळो जवळ आहे, तिथलं नौदलाचं विमान संग्रहालय मुलांना आवडतं, फक्त ते सोमवारी बंद असतं.

थायलंडमधल्या फुकेतला जहाज बहुधा पातोंग किनाऱ्यासमोर खोल पाण्यात नांगर टाकतं आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. पहिल्या बोटी सहल घेतलेल्यांना मिळतात, बाकीच्यांनी टोकन घेऊन बसायचं. लाटा वाढल्या तर उतरणं रद्दही होतं. जहाजाच्या सहलीचे पैसे तेव्हा परत मिळतात, तुम्ही बाहेर परस्पर दिलेला ॲडव्हान्स मिळेलच असं नाही. लक्षद्वीपला तर भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो, तिथे जहाजाच्या व्यवस्थेतच राहावं.

घड्याळाचा घोळ सगळ्यात महाग पडतो. थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे आहे. जहाज कधी आपली वेळ बदलतं, कधी सिंगापूरचीच ठेवतं. मोबाइल किनाऱ्यावरचा टॉवर पकडून आपोआप एक तास मागे जातो आणि माणूस निवांत राहतो. उतरण्यापूर्वी जहाजाची वेळ मनगटी घड्याळात लावून घ्या आणि त्यावरच चाला. समुद्रात फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, नाहीतर जहाजाच्या नेटवर्कचं बिल घरी आल्यावर कळतं.

उतरताना जहाजाचं कार्ड आणि फोटो ओळखपत्र जवळ हवं. परदेशात पासपोर्ट न्यायचा की प्रत चालते, हे आदल्या संध्याकाळी रिसेप्शनला विचारा. मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड, म्हणजे प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज, पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं. सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतणाऱ्यांनी व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, ते पाहावं. केबिनमध्ये येणाऱ्या रोजच्या पत्रकावर पोर्ट एजंटचा, म्हणजे जहाज कंपनीच्या बंदरातल्या प्रतिनिधीचा, फोन असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. जहाज चुकलं तर पहिला फोन त्यालाच करायचा. पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च मात्र आपला. आपली माणसं डबा बांधल्याशिवाय निघत नाहीत, पण फळं आणि शिजलेलं अन्न सहसा खाली नेऊ देत नाहीत. नाश्त्याची केळी पिशवीत घातली तर उतरताना काढून ठेवावी लागतात. सीलबंद पाकिटं चालतात.

मोठ्या गटाने चार-चारचे भाग करावेत, गुडघे दुखणाऱ्यांचा वेगळा. जहाजाची शिडी भरती-ओहोटीनुसार कमी-जास्त चढी होते, सकाळी सोपी वाटलेली संध्याकाळी अवघड जाते.

आपल्या पुरवणीला विनंती अशी की, क्रूझवरच्या लेखात प्रत्येक बंदराबरोबर धक्क्याचं नाव, गावापासूनचं अंतर, छोटी बोट लागते का आणि थांब्याचा वार एवढं छापावं. हेच चार प्रश्न वाचकांनीही बुकिंगची रक्कम भरण्यापूर्वी एजंटला विचारावेत आणि उत्तरं लेखी घ्यावीत.

आपले,
काही वाचक, भुसावळ