ताई, त्या दोन मीटर वायरबद्दल

ताई,

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. आवाज मऊ करण्यासाठी महागडी केबल घ्यायला निघालेल्या आणखी कुणाला तरी तुम्ही दाखवलेली गोष्ट उपयोगी पडेल, आणि तुमचे आभार चार लोकांसमोर मानावेत असंही मनापासून वाटतं.

तुमच्याकडे आलो तेव्हा माझा प्रश्न एकच होता: स्पीकरसाठी कोणती वायर घेऊ? बाबांच्या तबकड्या लावल्या की वीस मिनिटांत कान दुखायला लागायचे. गाण्यातला प्रत्येक 'स' आणि 'श' टोचायचा, झांजेचा नाद काच फुटावी तसा यायचा. चांदीची वायर आवाज तिखट करते आणि तांब्याची जाड वायर तो उबदार करते, असं ऐकून मी निवड जवळजवळ करूनही टाकली होती. तुम्ही कुठल्याच वायरचं नाव घेतलं नाहीत. एवढंच विचारलंत, "सगळ्यावरच टोचतं, की फक्त तबकड्यांवर?"

सीडीवर थोडं, तबकड्यांवर फार. दोन महिने त्रास काढला, पण हा फरक माझ्या ध्यानातच आला नव्हता.

घरी आलात ते वायरी तपासायचा, मोजमापाचा मीटर घेऊन. आधी स्पीकरच्या वायरचा हिशेब पाकिटाच्या मागे मांडलात. 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची साधी वायर, 4 मीटर लांब. जाऊन-येऊन 8 मीटर तांबं, त्याचा रोध साधारण 0.055 ओहम, आणि समोर 8 ओहमचा स्पीकर. आवाजात फरक पडतो तो 0.06 डेसिबलचा, म्हणजे कानाला कळणारही नाही इतका. तरीही माझ्या मनातली शंका तुम्ही उडवून लावली नाहीत. मला भिंतीकडे तोंड करून बसवलंत, मित्राकडून आणलेली जाड वायर आणि माझी साधी वायर दहा वेळा आलटून पालटून जोडलीत. दहापैकी पाच वेळा मी बरोबर सांगितलं. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. तिथे माझी खात्री पटली.

मग टर्नटेबलमागची, अ‍ॅम्पकडे जाणारी दोन मीटरची वायर दोन्ही टोकांनी काढून मीटरला लावलीत. 310 पिकोफॅरड! (हे कपॅसिटन्सचं, म्हणजे वायर किती विद्युतभार साठवते त्याचं माप.) कार्ट्रिज, म्हणजे तबकडीवरच्या सुईची डबी, बनवणाऱ्यांनी 100 ते 200 मागितले होते, आणि तेही टोनआर्मची (ती डबी धरणाऱ्या दांड्याची) तार व फोनो इनपुट (अ‍ॅम्पमधली टर्नटेबल जोडायची जागा) धरून. माझी बेरीज 460 वर गेली होती.

पुढचं मला आजही कुणाला तरी सांगावंसं वाटतं. कार्ट्रिजच्या आत बारीक तारेची वेटोळी असतात, माझ्या कार्ट्रिजचं इंडक्टन्स (बदलत्या विजेला वेटोळी किती अडवतात त्याचं माप) अर्ध्या हेन्रीच्या आसपास आहे. त्याला वायरची कपॅसिटन्स मिळाली की एका ठरावीक सुराशी आवाज फुगतो. 460 पिकोफॅरडला तो फुगवटा साधारण 10.5 किलोहर्ट्झवर येतो, म्हणजे 'स'काराच्या आणि झांजेच्या ऐन प्रांतात. बेरीज 206 वर आणली की तो 15.7 किलोहर्ट्झपर्यंत वर सरकतो, कानाला फारसा जाणवत नाही. म्हणजे वायरीने आवाज खरंच बदलत होता, मी फक्त चुकीच्या जागची वायर बदलायला निघालो होतो. स्पीकर अ‍ॅम्पला जोडलेला असतो आणि अ‍ॅम्पचा स्वतःचा रोध नगण्य, तिथे शेकड्यांनी पिकोफॅरड असले तरी काही बिघडत नाही. कार्ट्रिजला मात्र 47,000 ओहमचा नाजूक भार आणि वायरीतला प्रत्येक पिकोफॅरड सोसावा लागतो.

तुम्ही सुचवलेली 80 सेंटीमीटरची, मीटरमागे 70 पिकोफॅरडची वायर घेतली. दिसायला अगदी साधी. त्याच संध्याकाळी पहिली तबकडी लावली. गाणाऱ्या बाई श्वास घेऊन 'सा'वर येतात ती जागा माझ्या ओळखीची, तिथे मी नेहमी व्हॉल्यूमकडे हात न्यायचो. त्या दिवशी हात मांडीवरच राहिला.

सीडीवरचं उरलेलं टोचणंही तुम्ही सोडून दिलं नाहीत. खोलीच्या मधोमध टाळी वाजवलीत आणि दोन कोऱ्या भिंतींमध्ये ती किरकिरत राहिलेली मला ऐकवलीत. मी माझ्या जागी बसलो, तुम्ही भिंतीवरून आरसा सरकवत नेलात आणि जिथे त्यात स्पीकर दिसला, म्हणजे जिथून आवाज आपटून माझ्याकडे येत होता, तिथे जाड पडदा लावायला सांगितलंत. स्पीकरही थेट कानावर रोखलेले होते, ते थोडे बाहेर वळवले. हे सगळं फुकटात झालं, पडदे घरातलेच होते.

ती जुनी दोन मीटरची वायर मी टाकली नाही. सीडी प्लेअर आणि अ‍ॅम्पच्या मध्ये आता तीच आहे. तिथे ती निरुपद्रवी आहे हेही तुम्हीच समजावलंत. तुमचा मीटर इथेच राहिलाय, टर्नटेबलशेजारच्या कप्प्यात जपून ठेवलाय. तो न्यायला याल तेव्हा जरा वेळ काढून या. बाबांची आवडती तबकडी दोन्ही बाजूंनी ऐकू.

तुमचा ऋणी,
एक श्रोता