ऊन पडलंय म्हणून बंधाऱ्यावर गाडी घालू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पाऊस उघडला की बिनधास्त बंधाऱ्यावर गाडी घालणाऱ्यांसाठी हे पत्र लिहितोय, त्यात मीपण होतो. आमच्या कोल्हापूर भागात घोळ असा होतो की गावात चक्क ऊन असतं पण तिकडं राधानगरी धरण भरलेलं असतं, त्याचे दरवाजे स्वयंचलित, पाणी भरलं की आपोआप उघडतात, एका दरवाजातनं १४२८ क्युसेक पाणी भोगावती नदीत सुटतं आणि मग काही तासांनी खालचा बंधारा बुडतो. सकाळी डेअरीला दूध घालायला जाताना कोरडा, परत येताना पाण्याखाली!

कोल्हापुरी बंधारा मुळात पाणी अडवायला बांधलाय हो, पूल म्हणून नाही. वर चिंचोळी वाट, बहुतेक ठिकाणी कठडा नाही, आणि गढूळ पाण्यात कड कुठं संपली ते कळतच नाही. मागच्या पावसाळ्यात पुढचा मोटारसायकलवाला गेला म्हणून मीपण गेलो, पाणी जेमतेम पोटरीला, पण मध्यावर मागचं चाक आडवं सरकायला लागलं, काठावरच्या पोरांनी दोर टाकला म्हणून वाचलो. गाडी दोन दिवसांनी मिळाली. चारचाकीवाल्यांनीही हसू नये, फूटभर पाण्यात छोटी कार तरंगायला लागते. आणि मोठी गाडी म्हणाल तर सप्टेंबर २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यात अख्खी एसटी वाहून गेली, तिथंही पुलावर पाणी असताना गाडी घातली होती.

आता सगळे मोबाईलवर कोल्हापूरजवळच्या पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघतात, ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, आणि अजून ३० वरच आहे म्हणून निघतात. अहो, ३० फुटांना तो राजाराम बंधारा स्वतःच कधीचा बुडालेला असतो! तो आकडा पुराचा आहे, तुमच्या गावच्या वाटेचा नाही.

तुम्ही पाण्याखालच्या बंधाऱ्यांची यादी छापता ती आतल्या पानावर कोपऱ्यात असते, ती पावसाळाभर पहिल्या पानावर घ्या आणि सोबत पर्यायी रस्ता कुठला तेही द्या, दहा-पंधरा किलोमीटरचा वळसा असला तरी लोक जातील. नुसतं 'वाहतूक बंद' वाचून माणूस एकदा बघून तरी येऊ म्हणतो.

आपला,
एक वाचक, ता. करवीर