गाडीवरच्या नूडल्स, तुझ्या काचेच्या शेगडीवर

डोंबिवली,
रविवार, दुपार

प्रिय नंद्या,

परवा फोनवर म्हणालास, "नूडल्स केल्या रे, पण खिचडी झाली," आणि तेवढ्यात तुझी मीटिंग सुरू झाली. मग व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं "रेसिपी टाक". दोन ओळींची रेसिपी टाकायला काही नाही, पण तिने तुझी खिचडी व्हायची थांबणार नाही. तुझी अडचण मसाल्याची नाही, शेगडीची आहे. म्हणून आज जेवण झाल्यावर झोपायचं सोडून हे लांबलचक लिहायला बसलोय. चहा घे आणि सावकाश वाच.

स्टेशनबाहेरच्या गाडीवर आपण उभे असायचो तेव्हा तू कायम सॉसच्या बाटल्या न्याहाळायचास. सगळी जादू त्या लाल-हिरव्या बाटल्यांत आहे असं तुझं ठाम मत होतं. मी त्या माणसाचे हात बघायचो. नूडल्स त्याने दुपारीच उकडून, तेलाचा हात लावून परातीत पसरून ठेवलेल्या असायच्या. कोबी चिरलेला, गाजर चिरलेलं, पातीचा कांदा पांढरा वेगळा आणि हिरवा वेगळा. भट्टी घूंऽऽ करत पेटायची, लांब दांड्याच्या डावाने तो तेल घ्यायचा आणि मग त्याच डावाच्या टोकाने मीठ, साखर, पांढरी मिरी, अजिनोमोटो असं चिमूट चिमूट उचलायचा, डब्यांकडे न बघता. दोन मिनिटांत प्लेट तयार. आणि एक गोष्ट तुझ्या लक्षात आली होती का? गर्दी कितीही असो, पाच प्लेटची ऑर्डर तो एका कढईत कधीच टाकायचा नाही. एक फुल, फार तर दोन. आपण भुकेने कळवळत असायचो आणि तो शांतपणे दुसरी खेप सुरू करायचा.

ती घाई नसण्यामागे कारण आहे. हॉटेलातल्या चायनीज भट्टीचा जाळ तीस किलोवॅट आणि त्याहूनही वर जातो. गाडीवरची भट्टी त्याहून लहान असेल, पण घरच्या बर्नरपेक्षा कितीतरी पट दांडगी. आमच्या घरातला मोठा बर्नर दोन-तीन किलोवॅटचा, आणि तुझी ती स्टुटगार्टची गुळगुळीत काचेची शेगडी, तिचं मोठं चक्रही साधारण तेवढंच. वर ते चक्र मध्येच विझतं, परत लाल होतं. नऊवर ठेवलं तरी. ते बिघडलेलं नाही, काच फार तापू नये म्हणून तशीच सोय असते.

आता ओल्या नूडल्स आणि धुतलेला कोबी ह्यावर टाकलास की काय होणार? पाणी आहे तोवर भांड्याचं तापमान शंभरच्या वर जायलाच तयार होत नाही. साधं गार पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सहापटीहून जास्त उष्णता त्याच पाण्याची वाफ करायला लागते. खरपूसपणा येतो तो साधारण १४० अंशांच्या पुढे. म्हणजे तुझी शेगडी बिचारी सगळा जीव वाफ करण्यात घालवते, आणि तोवर आत नूडल्स शिजत बसतात. झाली खिचडी! गाडीवाल्याकडे ही वाफ जाळाच्या जोरावर क्षणात उडते. तुझ्याकडे जोर नाही, तेव्हा तू पाणीच कमी घालायचं आणि खेप लहान ठेवायची. बाकी जे काही सांगतोय ते सगळं ह्याच एका गोष्टीसाठी आहे.

भांडं आधी. इथून कढई पाठवू का असं तू विचारलं होतंस. नको. गोल बुडाची कढई सपाट काचेवर पैशाएवढी टेकते, बाकी हवेत. तिथेच एखादा जाड, सपाट बुडाचा लोखंडी तवा घे, बिडाचा किंवा पोलादी, २८ सेंटिमीटरचा तरी. जाड लोखंड उष्णता साठवून ठेवतं, आणि शेगडी कमजोर असली की हा साठाच कामाला येतो. नॉनस्टिकवर मात्र हा उद्योग करू नकोस. रिकामं नॉनस्टिक भांडं मोठ्या आचेवर ठेवलं तर २६० अंशांच्या आसपास त्याचा थर खराब होऊ लागतो, आणि आपल्याला तर भांडं चांगलं सणसणीत तापवायचं आहे. तवा रिकामाच पूर्ण आचेवर चार-पाच मिनिटं ठेव. पाण्याचा थेंब टाकला तर तो चर्र न होता गोळी होऊन पळत सुटला पाहिजे. स्वयंपाकघराची खिडकी सताड उघड आणि पॅसेजचं दार लावून घे, नाहीतर तुमच्याकडचा तो धुराचा अलार्म सगळी इमारत गोळा करेल.

नूडल्स तिथल्या सुपरमार्केटात 'मी नूडेल्न' म्हणून मिळतात. गव्हाच्या असतात, बहुतेक बिनअंड्याच्या, आपल्या हाका नूडल्सच्या जवळच्या. दोघांना दीडशे ग्रॅम पुरे. पाकिटावर लिहिलं असेल त्याच्या एक मिनिट आधी काढ. मधोमध किंचित कडक लागली पाहिजे. लगेच गार पाण्याखाली धर, चिकट पिठूळ पाणी निघून जाऊ दे, मग चाळणीत खडखडून निथळ. त्यानंतर चमचाभर तेल चोळून मोठ्या ताटात पसर आणि विसरून जा. अर्धा तास तरी. आदल्या रात्री उकडून, झाकून फ्रीजमध्ये ठेवल्यास तर उत्तमच, दुसऱ्या दिवशी त्या सुट्या आणि कोरड्या होतात. तू ऑफिसातून सात वाजता येतोस, त्या हिशोबानेही हेच सोयीचं.

आणि कधी घरात नुसती स्पॅगेटी असेल तर तीही चालते. उकळत्या पाण्यात लिटरमागे दोन चहाचे चमचे खायचा सोडा घालून तिला उकड. सोड्याने पीठ जरा पिवळसर, लवचिक होतं आणि चिनी नूडलसारखा चिवटपणा येतो. भांडं मोठं घे, फेस भसकन वर येतो. नंतर नीट धू, नाहीतर सोड्याची चव राहील. तिकडे सोड्याला 'नाट्रॉन' म्हणतात. बेकिंग पावडर आणशील, ती आणू नकोस.

भाज्यांचं फार मनावर घेऊ नकोस. कोबी, गाजर, ढोबळी मिरची, पातीचा कांदा, संपलं. ब्रोकोली आणि मशरूम आणि बेबीकॉर्न आणि झुकिनी असं सगळं कोंबण्याचा मोह तुझ्या बायकोला होईल (तिला सांग, मी प्रेमाने म्हणतोय). झुकिनी आणि मशरूम म्हणजे पाण्याच्या पिशव्या. कोबी लांब, अगदी दोऱ्यासारखा चिर, म्हणजे तो नूडल्सबरोबर उचलला जातो, ताटात मागे राहत नाही. धुतलेला असेल तर फडक्यात गुंडाळून पिळून घे.

सॉस आधीच वाटीत कालव: साधा सोया सॉस एक टेबलस्पून, रंगापुरता डार्क सोया अर्धा चहाचा चमचा, हिरव्या मिरचीचा सॉस चमचाभर, अर्धा चमचा पांढरी मिरी, चिमूटभर साखर. व्हिनेगर चमचाभर, पण ते वेगळं ठेव. तिकडच्या आशियाई दुकानात डार्क सोया मिळेल तो चिनी, दाट आणि रंगाने काळाकुट्ट. आपल्या इथल्या बाटलीसारखा पातळ आणि खारट नाही, म्हणून हात आखडता घे. त्याच्याच शेजारी इंडोनेशियन केचाप मानिस ठेवलेला असतो, दिसायला सारखाच. तो काकवीसारखा गोड. स्टेशनवरच्या खोक्यातल्या नूडल्स गोड लागतात म्हणून तू कुरकुरत होतास ना, त्यात तो असेल तर नवल नाही.

आता प्रत्यक्ष. तवा तापला की दीड टेबलस्पून रिफाइंड तेल. ऑलिव्ह ऑइल नको. अर्ध्याच नूडल्स टाक, पसर, आणि हात लावू नकोस. हे तुला जमणार नाही हे मला माहीत आहे, तरी सांगतो. मिनिटभर नुसता बघत राहा. खालून तडतड ऐकू येईल, कडेच्या नूडल्स आकसून करड्या होतील, मग उलथन्याने एकदा पलटून पुन्हा तेवढंच थांब, आणि ताटात काढ. दुसरी अर्धी खेप तशीच. मग तवा परत सणसणू दे, थोडं तेल, ठेचलेला लसूण आणि कांद्याचा पांढरा भाग जेमतेम पंधरा सेकंद, त्यावर गाजर, ढोबळी, शेवटी कोबी. मीठ इथे घालायचं नाही, मिठाने कोबी लगेच पाणी सोडतो. कोबी चावताना कुरकुरला पाहिजे, दीड मिनिट खूप झालं. नूडल्स परत आत, सॉस मधोमध न ओतता तव्याच्या कडेने सोड, म्हणजे तापलेल्या लोखंडावर तो आधी जळून सुगंध देतो. दोन चिमटे घेऊन खालून वर उचलत राहा. गाडीवाल्याची नक्कल करत तवा हवेत उडवू नकोस, काचेवरून उचलला की आच तुटलीच. चव बघून मीठ. शेवटी आच बंद, व्हिनेगर आणि कांद्याची पात.

तो धुराचा वास मात्र तुला मिळणार नाही. कढई उडवली की तेलाचे बारीक थेंब जाळात पेट घेतात, त्यातून तो येतो. वीज लाल होते, पेटत नाही. त्यासाठी लोक घरात गॅसचा टॉर्च आणून नूडल्सवर आगीचा फवारा मारतात. मला तो प्रकार हास्यास्पद वाटतो. तो वास गाडीवर खावा. घरच्या नूडल्सना करपलेल्या कडा आणि कुरकुरीत कोबी असला की माझं भागतं.

अजिनोमोटो घाल. पाव चमचा. "डोकं दुखतं" म्हणून वहिनी नको म्हणाली तर तिला सांग की हे प्रकरण १९६८ सालच्या एका पत्रापासून सुरू झालं. अमेरिकेतल्या एका डॉक्टरने वैद्यकीय नियतकालिकाला लिहिलं की चायनीज जेवल्यावर मला मानेत बधिरपणा येतो, कशाने असेल? त्याने दारू, मीठ, अजिनोमोटो अशा शंका मांडल्या, आणि जगाने नेमका अजिनोमोटो धरून ठेवला. नंतरच्या तपासण्यांत जेवणातल्या नेहमीच्या प्रमाणाशी त्या त्रासाचा ठाम संबंध काही लागला नाही. अजिनोमोटो म्हणजे ग्लुटामेटचं मीठ. ह्या ग्लुटामेटची चव जपानच्या किकुनाए इकेदांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या सारातून वेगळी काढली, आणि तेच ग्लुटामेट तुम्ही पास्त्यावर किसता त्या जुन्या पार्मेझानमध्ये भरपूर असतं. चीज चालतं आणि ही पांढरी पूड चालत नाही, असं कसं?

शेजवान सॉससाठी सिचुआनची मिरी शोधत बसू नकोस. आपल्या शेजवानचा त्या प्रांताशी नावापुरता संबंध. भिजवलेल्या काश्मिरी किंवा ब्याडगी मिरच्या, लसूण मुठीने, थोडं आलं, व्हिनेगर, साखर, आणि वर तवंग येईल एवढं तेल. हे सगळं खाणंच मुळी आपल्याकडचं आहे. कोलकात्याच्या टेंगऱ्यात हाका चिनी लोकांचा चामडं कमावण्याचा धंदा होता. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कारखाने शहराबाहेर हलवायला सांगितले, आणि आज टेंगरा म्हटलं की लोकांना हॉटेलंच आठवतात. कोलकात्यातच जन्मलेले नेल्सन वांग मुंबईत आले आणि १९७५ मध्ये क्रिकेट क्लबच्या स्वयंपाकघरात त्यांनी चिकन मंच्युरियन केलं. आलं, लसूण, हिरवी मिरची, म्हणजे आपलंच वाटण, फक्त गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस. तेव्हा तुझ्या त्या जर्मन सहकाऱ्याने "हे खरं चायनीज नाही" म्हटलं तर वाद घालू नकोस, वाढ त्याला अजून एकदा.

काकूंच्या नूडल्स आठवतात तुला? हिंग-मोहरीची फोडणी, कढीपत्ता, आणि वरून ओलं खोबरं-कोथिंबीर. गाडीवरची कढई अंड्याचिकनची असते म्हणून त्यांनी तुझं चायनीज घरी आणलं होतं. तू नाक मुरडायचास आणि मी दोनदा घ्यायचो. छानच लागायच्या, शेवयांच्या उपम्याची चुलत बहीण. पण त्या करायच्या तर मऊ उकड आणि मंद आचेवर कर, वर लिहिलेलं सगळं विसर.

इकडे बाकी ठीक. आपली गाडी आता गाळ्यात गेली, बोर्डावर ड्रॅगन तोच आहे, हाफ प्लेट मात्र बंद केली. डिसेंबरात येशील तेव्हा जाऊ. येताना मला ते तुमच्याकडचं सोलाणं आण, गाजराच्या काड्या करणारं. चिनूसाठी मिरचीचा सॉस वगळ आणि वरून अंड्याच्या आम्लेटच्या पट्ट्या घाल, तो खाईल. अंडं मात्र सगळ्यात आधी करून बाजूला काढून ठेव.

काकूंना शि. सा. नमस्कार, वहिनीला नमस्कार, चिनूला खूप खूप आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या

ता. क. : नूडल्स उरल्याच तर दुसऱ्या दिवशी तेलात कडक तळ, चुरडून घे, आणि कच्चा कोबी, कांदा, शेजवान सॉस घालून चायनीज भेळ कर. तुझं मन तसंही तिथेच अडकलंय हे मला ठाऊक आहे.