रोड बाईक घेण्याआधी टायर बदलून पाहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

'एमटीबी (जाड टायरची माउंटन सायकल) विका, रोड बाईक (डांबरी रस्त्यासाठीची बारीक टायरची सायकल) घ्या, वेग आपोआप वाढेल' हा सल्ला हल्ली वृत्तपत्रांतूनही सर्रास छापला जातो. हरकत आहे ती त्यातल्या 'आपोआप' या शब्दाला.

डांबरी रस्त्यावर एमटीबी मागे पडते ती वजनापेक्षा टायरमुळे आणि बसण्याच्या ढबीमुळे. सपाट रस्त्यावर ताशी 25 किलोमीटरच्या पुढे बरीचशी ताकद हवा कापण्यातच खर्च होते. रुंद हँडल धरून छाती उभी ठेवली की वारा पुरता अंगावर येतो. खाचांचे जाड टायरही पायांची ताकद खातात, पण ते बदलणे सोपे असते. 29 इंची एमटीबी आणि 700सी मापाच्या चाकांची रोड बाईक यांच्या रिमचा टायर बसण्याचा व्यास एकच आहे, 622 मिलिमीटर. टायरच्या कडेवर 54-622 असा आकडा असतो. त्यातला दुसरा जुळला पाहिजे. साडेसत्तावीस इंचीला तो 584, तर 26 इंचीला 559 असतो. 40 ते 50 मिलिमीटरचे गुळगुळीत टायर चढवा, पुढचे सस्पेन्शन लॉक करा आणि महिनाभर चालवून पाहा. मात्र आतून 30 मिलिमीटर रुंद असलेल्या रिमवर 28 चा टायर बसवणे धोक्याचे आहे. कुठल्या रुंदीच्या रिमला कुठला टायर चालतो, ते कंपनीच्या तक्त्यात पाहूनच घ्यावा.

एवढे करूनही हौस उरली, तर खुशाल नवी सायकल घ्या. जुन्या एमटीबीलाच ड्रॉप हँडल (रोड बाईकचे खाली वळलेले हँडल) लावण्याच्या भानगडीत पडू नका. रोडचे साधे ब्रेक लिव्हर व्ही-ब्रेकला (रिम दोन लांब हातांनी दाबणाऱ्या एमटीबीच्या ब्रेकला) लागते तेवढी केबल ओढत नाहीत, त्यामुळे ब्रेक अर्धवट लागतो. शिवाय एमटीबीची फ्रेम मुळात लांब असते. वाकडे हँडल लावले की हात आणखी पुढे ताणले जातात.

नव्या सायकलवर पहिली चूक होते ती हवेत. एमटीबीच्या जाड टायरला 25 पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) पुरतात. साधारण 70 किलोच्या चालकाला ट्यूबच्या 28 मिलिमीटर टायरमध्ये 70 च्या आसपास लागतात, मागे थोडे जास्त. जुन्या सवयीने कमी हवा ठेवली की खड्ड्याची कड टायर दाबून रिमपर्यंत नेते आणि मध्ये ट्यूब चिमटली जाते. ट्यूब काढून पाहिली तर शेजारी शेजारी दोन बारीक भोके दिसतात, साप चावल्यासारखी. अशा वेळी टायरमध्ये काटा शोधत बसू नये. उलट टोकाला काही जण 110-120 पर्यंत हवा ठोकतात. त्या दाबाने खडबडीत रस्त्यावर टायर उड्या मारतो, वेग कमी होतो आणि तळहात बधिर होतात. हुकलेस रिम (टायर अडकवणारी आतली कड नसलेली) असेल तर 5 बार, म्हणजे सुमारे 72 पीएसआय, ही वरची मर्यादा आहे. बारीक टायरमध्ये हवा मुळातच थोडी, म्हणून ती लवकर उतरते. अंगठ्याने दाबून काही कळत नाही, दाब दाखवणारा काटा असलेला उभा पंपच लागतो. प्रेस्टा व्हॉल्व्हचे (रोड बाईकच्या ट्यूबच्या बारीक, लांब व्हॉल्व्हचे) टोकावरचे नट सैल करून एकदा दाबून घ्यायला विसरू नका. ते चिकटलेले असले तर हवा आत जातच नाही.

चढावर दुसरा धक्का बसतो. पुढे 32 आणि मागे 51 दातांवर एमटीबी पेडलच्या एका फेऱ्यात सुमारे 1.4 मीटर सरकते. रोड बाईक 34 आणि 34 वरसुद्धा 2.1 मीटर सरकते. म्हणजे सगळ्यात हलका गिअरही दीडपट जड. चढ सुरू झाल्यावर गिअर शोधला की मिनिटाला 50 फेरे मारत गुडघ्यांचा भुगा होतो. चढ येण्याआधी, पायावरचा जोर क्षणभर कमी करून, पुढची साखळी लहान चक्रावर आणा. भर जोरात बदलली तर ती उतरते. सपाटीवर 80 ते 90 फेरे ठेवावेत. चढाचा प्रदेश असेल तर पुढे 50-34 आणि मागे 11-34 दात यापेक्षा जड जोडणी घेऊ नका, दुकानदार काहीही म्हणो.

सीटची उंची टाचेने पाहावी: पेडल खाली असताना टाच त्यावर टेकली की पाय सरळ व्हावा. ड्रॉप हँडलवर बहुतेक वेळ हात ब्रेकच्या मुठींवर असतात. तिथे कोपर ताठ ठेवू नका. तीव्र उतारावर मात्र खालच्या वाकात हात न्या, तिथून लिव्हर ओढायला जोर कमी लागतो. वेग वळणाआधीच कमी करा. ओल्या रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर बारीक टायर सर्रकन घसरतो.

पेडल नवे घ्यायची गरज नाही. दोन्ही सायकलींना 9/16 इंचाचेच आटे असतात, दोन बोल्टच्या क्लीटचे (तळाला पेडलमध्ये अडकणारा तुकडा असलेले) जुने बूटही चालतात. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे माहीत नसल्याने क्रँकची (पेडल ज्यात बसते त्या दांड्याची) वाट लागते. बसवताना आट्यांना ग्रीस लावा.

पुढच्या वेळी सायकलवर पान काढाल तेव्हा वेगाच्या आकड्यांसोबत वजन आणि टायरच्या रुंदीनुसार हवेच्या दाबाचा तक्ताही छापावा, ही विनंती.

आपला,
एक सायकल कारागीर