बाबा, मेळ्यातून स्कूटर घेण्याआधी

बडोदा

ती. बाबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी बाबांनी फोनवर विचारलं, "गाडीचं काय झालं गं?" आणि मी "झाली दुरुस्त" एवढंच म्हणून विषय संपवला. बाबांना हल्ली फोनवर निम्मं ऐकू येतं, आणि ही हकीकत निम्मी ऐकून उपयोगाची नाही. तुम्ही यंदा ग्वाल्हेरच्या मेळ्यातून स्कूटर घ्यायचं ठरवलंय, तर त्याआधी हे पत्र दोघांनी बसून वाचा. आई, तूही वाच. अचलेश्वराच्या देवळात जाताना मागे तूच बसणार आहेस.

पावसाळा संपता संपता माझ्या मोटरसायकलचा पुढचा ब्रेक नीट लागेना. दांडिया बाजारातून अलकापुरीला ऑफिसला निघाले होते. काळा घोडा चौकापाशी एक रिक्षा अचानक आडवी आली. पुढचा ब्रेक पूर्ण दाबला तरी गाडी सरकतच राहिली, मागच्या ब्रेकवर कशीबशी थांबली. कोणालाही लागलं नाही, आई, काळजी करू नकोस. पण संध्याकाळी मी थेट आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या मेकॅनिककडे गेले. त्याने पुढच्या शॉकअपच्या नळीवरून बोट फिरवलं आणि तेलाने काळं झालेलं बोट मला दाखवलं. ऑइल सील, म्हणजे तेल आत अडवून ठेवणारी रबराची कडी, फाटलं होतं. शॉकअपमधलं तेल ओघळून डिस्कवर येत होतं आणि ब्रेक पॅडमध्ये मुरत होतं. तेल मुरलेला पॅड डिस्कला धरत नाही आणि पुसून सुधारतही नाही, तो बदलावाच लागतो. तो म्हणाला, "ताई, काम माझ्या हातचं आहे, पण गाडी वॉरंटीत आहे. मी शॉकअप खोलला तर शोरूमवाले उद्या हात वर करतील. तिकडेच न्या." हातात आलेलं गिऱ्हाईक सोडून त्याने मला खरं सांगितलं. पुढे जे अनुभवलं, त्यानंतर तर मला त्याचं फारच मोल वाटतं.

शोरूम म्हणजे जिथून गाडी घेतली तेच. घेताना खुर्ची, थंड पाणी, पेढे, हार घालून फोटो, सगळं झालं होतं. सर्व्हिसचं दार मागच्या बाजूला आहे आणि तिथली माणसं वेगळी. काउंटरवरच्या सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला मी सांगितलं की डाव्या शॉकअपचं ऑइल सील गळतंय आणि पॅड तेलकट झालेत. त्याने मान वर न करता जॉब कार्डावर, म्हणजे गाडीची तक्रार आणि काम लिहितात त्या कागदावर, 'जनरल चेकअप' लिहिलं. संध्याकाळी गाडी चकाचक धुऊन मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी नळीवर पुन्हा तेल.

परत गेले तर म्हणाला, "बेन, तमारा हसबन्डने मोकलजो, एमने समजावी दईश." म्हणजे, नवऱ्याला पाठवा, त्यांना समजावून सांगेन. बाबा, गाडी माझ्या नावावर, लायसन्स माझं, हप्ते माझ्या पगारातून जातात, आणि माझ्या गाडीचा बिघाड तो दुसऱ्या कोणाला तरी समजावून सांगणार! मला तेव्हा फार अपमान वाटला. मी आवाज चढवला नाही, पण तिथून हललेही नाही. नऊवारीतल्या एक आजी मुलाची स्कूटर घेऊन आल्या होत्या. त्यांनाही तेच ऐकवत होते. आमच्या मागे उभ्या असलेल्या तरुण मुलाचं काम मात्र त्याच्याशी बोलून लगेच लिहून घेतलं गेलं. हे मी डोळ्यांनी पाहिलं.

मग कारणं सुरू झाली. आधी म्हणाले, सील रबराचं असतं, रबर वॉरंटीत येत नाही. मग म्हणाले, तुम्ही खड्ड्यांतून चालवता, त्याला कंपनी काय करणार. मग म्हणाले, पार्ट मागवलाय, आला की फोन करतो. फोन कधीच आला नाही. मी करायचे तर "थई जशे, बेन, थई जशे" (होऊन जाईल) म्हणून ठेवून द्यायचे. आणि या सगळ्या काळात गाडी मी चालवायची नाही, कारण ब्रेक नाही. ऑफिसला शेअर रिक्षाने जात होते. रबराच्या एका कडीसाठी माणसाला इतकं ताटकळत ठेवायचं आणि वर त्याच्या जिवाशी संबंध असलेली गोष्ट 'किरकोळ' म्हणायची, हे मला आजही सहन होत नाही.

शेवटी एका शनिवारी मी वॉरंटीचं पुस्तक घेऊनच गेले. त्यात काय काय वॉरंटीत नाही त्याची यादी आहे: ब्रेक पॅड, क्लच प्लेट, बल्ब, चेन. ऑइल सील त्या यादीत नव्हतं. पान उघडून काउंटरवर ठेवलं आणि म्हटलं, "तुम्ही नाही म्हणताय ना, मग तेच जॉब कार्डावर लिहा. 'डाव्या शॉकअपमधून ऑइल गळती, ग्राहकाची तक्रार ब्रेक न लागण्याची, वॉरंटी नाकारली, कारण अमुक.' खाली सही आणि शिक्का." बाबा, लिहायचं म्हटल्यावर त्याचा चेहराच बदलला. तोंडी दहा गोष्टी सांगणारा माणूस तीच एक गोष्ट कागदावर लिहायला तयार होईना. मॅनेजर बाहेर आला. त्यानेही टाळाटाळ केली, पण 'डाव्या शॉकअपमधून गळती' एवढं लिहून दिलं. मला तेवढं पुरे होतं.

त्या कागदाचा, नळीवरच्या तेलाचा आणि वॉरंटीच्या पानाचा फोटो काढून मी कंपनीच्या ग्राहक विभागाला मेल केला. मग १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, फोन लावला. तिथे मराठीतही बोलता येतं. ते लोक निकाल देत नाहीत, तक्रार नोंदवून कंपनीपर्यंत पोहोचवतात आणि नोंदणीचा नंबर देतात. तो नंबर मेलमध्ये टाकल्यावर मात्र शोरूममधून आपणहून फोन आला. दोन्ही बाजूंची सीलं बदलली, शॉकअपमध्ये नवीन तेल भरलं. पॅड यादीत असूनही बदलून दिले, कारण ते झिजून नव्हे तर गळतीने गेले होते, हे मी मेलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं. जुने सुटे भाग मी मागून घेतले आणि मगच गाडी ताब्यात घेतली.

एवढं होऊनही बिलात चेन पॉलिश आणि कसल्याशा कोटिंगचे पैसे लावले होते. मी सांगितलंच नव्हतं. ते कापून घेतले. इथे बहुतेक लोक दमून पैसे देऊन टाकतात, मला माहीत आहे, कारण माझ्याही मनात आलं होतं की द्यावेत आणि घरी जावं.

एक सांगते, माझा राग आत काम करणाऱ्या पोरांवर नाही. ज्या मुलाने सील बदललं त्याने मला बोलावून दाखवलं, नळीवर बारीक ओरखडा नाही ना ते नखाने तपासलं, दोन्हीकडे तेल मापाने भरलं. दिवसाला अमुक गाड्या बाहेर काढायच्याच, असा त्यांच्यावर धाक असतो. गाडी धुऊन परत देणं हा त्या धाकाचाच परिणाम. दोष काउंटरचा आणि त्याच्या मागे बसलेल्या मालकाचा आहे, जो विक्रीला दहा माणसं ठेवतो आणि तक्रार ऐकायला एकच.

आता तुमच्या स्कूटरचं. मेळ्यातून घेण्यात फायदा आहे, नाही असं नाही. माधवराव शिंद्यांनी १९०५ मध्ये मेळा सुरू केला तेव्हा गुराढोरांचा बाजार होता, आता निम्मं ग्वाल्हेर गाडी घ्यायला तिथे जातं, कारण सरकार सूट जाहीर करतं त्या वर्षी रोड टॅक्स निम्मा होतो. पण ही सूट यंदा लागू झाली का ते आधी पक्कं करा, आणि बिलात ती वेगळी दिसली पाहिजे. गर्दीत स्टॉलवाले घाईने सह्या घेतात. बाबा, तुम्ही समोरच्या माणसाचा वेळ जाऊ नये म्हणून न वाचता सही करता. या वेळी करू नका. त्याला उभं राहू दे.

कोटेशनमध्ये एक्स-शोरूम किंमत, टॅक्स आणि विमा यांखेरीज 'हँडलिंग', 'अ‍ॅक्सेसरीज पॅक' असं काही असेल तर ते कशाचे पैसे हे विचारा, आणि नको असेल तर खोडायला लावा. विमा त्यांच्याकडूनच घ्या अशी सक्ती डीलरला करता येत नाही. नवीन दुचाकीला थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा, ५ वर्षांचा लागतो, हे खरं आहे, २०१८ पासून तसंच आहे. पण तो कोणत्या कंपनीचा घ्यायचा हे तुम्ही ठरवायचं. हेल्मेट गाडीबरोबर द्यावं लागतं, आयएसआय शिक्क्याचं. सेल सर्टिफिकेटवर, म्हणजे फॉर्म २१ वर, गाडी कोणत्या महिन्यात बनली ते असतं. वर्षभर गोदामात उभी असलेली गाडी नवी म्हणून घेऊ नका. गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला चेसिस नंबर कागदाशी स्वतः ताडून बघा, चष्मा लावून. आणि रजिस्ट्रेशन झाल्याशिवाय, निदान तात्पुरतं तरी, गाडी शोरूमबाहेर काढायची नाही.

पुढे काही बिघडलंच तर तक्रार ग्वाल्हेरलाच करता येते, कंपनी कुठलीही असो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगात जाण्याची सोय केली आहे. मुदत दोन वर्षांची असते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही लागत नाही, आणि आता ई-जागृती या सरकारी वेबसाइटवर घरून अर्ज भरता येतो. निकालाला कायद्यातल्या मुदतीपेक्षा बराच वेळ लागतो, हेही ऐकून ठेवा. म्हणून आधी जॉब कार्ड, मग मेल, मग १९१५, आणि आयोग शेवटी.

बाबा, तुम्हीच मला लहानपणी बिंदुमाधव जोशींबद्दल सांगायचात, १९७४ मध्ये पुण्यात त्यांनी ग्राहक पंचायत सुरू केली म्हणून. १९८६ चा पहिला ग्राहक संरक्षण कायदा आला तेव्हा तुम्ही बँकेतल्या मित्रांना पेढे वाटले होते, असं आई सांगते. आणि मागच्या वर्षी मिक्सरवाल्याने तुम्हाला उडवून लावलं तेव्हा तुम्ही "जाऊ दे, आता या वयात कोण भांडणार" म्हणालात. ते वाक्य ऐकून मला फार वाईट वाटलं होतं. भांडायचं नाहीच आहे. फक्त लिहून मागायचं आहे, आणि ते तुमच्याइतकं नीट कोणाला जमत नाही. बँकेत आयुष्यभर तुम्ही तेच केलंत.

आई, स्टॉलवर तू एकदा मागे बसून बघ, गुडघा न दुखता चढता-उतरता येतं का. बाबांचे दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. नाही पटली तर बुकिंग न करता घरी या, मेळा काही एका दिवसाचा नसतो. आणि पैसे भरायच्या आधी कोटेशनचा फोटो मला पाठवा, मी ऑफिसमध्ये असले तरी लगेच बघून फोन करते.

तुमची
सोनू