टाकी घासणाऱ्या हातांचे आभार

आपल्या जिल्हा परिषद शाळेची पाण्याची टाकी रविवारी कुणी घासून भरून ठेवली, ते अजून कळलं नाही. व्हरांड्यात गोष्टीच्या पुस्तकांचं पोतं ठेवणारेही गुपचूप निघून गेले. सोयाबीनच्या फवारणीचे दिवस. कुणी मजुरी बुडवूनच आलं असणार. माय-बापहो, मनापासून आभार!

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं ७५ टक्के पालकच असतात. सभेला मात्र खुर्च्या रिकाम्या (हे आपलं जाता जाता).

१७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन आहे. प्रभातफेरीत पहिली-दुसरीच्या लेकरांसोबत चालायला मोठी माणसं लागतील. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. त्या दिवशी गोष्ट सांगायला आज्या-आजोबांनी जरूर यावं, वाचता येत नसलं तरी चालेल.